टेबलं लाखांत गेली की डेटाबेसच्या आधी फाइल सिस्टीम हात वर करते

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या टीममध्ये होतो तिथे ऑनलाइन फॉर्म बनवून द्यायची एक फुकट सेवा चालायची आणि कोणी नवीन अकाउंट उघडलं की आमचा कोड त्याच्यासाठी मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एक अख्खा नवा डेटाबेस तयार करायचा. तेव्हा हे फार भारी वाटलेलं. प्रत्येकाचा डेटा वेगळा, एकाचं दुसऱ्यात मिसळायची भीती नाही, अकाउंट बंद झालं की डेटाबेस ड्रॉप करा, विषय संपला. मग एका सकाळी नवीन साइनअप बंद पडले. जुनी अकाउंटं मस्त चालू, सर्व्हरवर लोड नाही, डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि लॉगमध्ये एकच ओळ परत परत: डेटाबेस तयार करता येत नाही, एरर नंबर ३१, टू मेनी लिंक्स.

आम्ही हुशार लोक, "लिंक्स" वाचलं आणि दोन तास नेटवर्कची कनेक्शनं तपासत बसलो. नेटवर्कचा काही संबंधच नव्हता.

झालं होतं असं. मायएसक्यूएलमध्ये एक डेटाबेस म्हणजे डिस्कवर एक डिरेक्टरी, सरळ सरळ एक फोल्डर. आणि प्रत्येक फोल्डरच्या पोटात "दोन टिंबं" नावाची एक एंट्री असते जी वरच्या फोल्डरकडे बोट दाखवते, आपण एक पायरी वर जायला वापरतो ती. फाइल सिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर फाइल्स आणि फोल्डर मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, हिशोबात ही एंट्री म्हणजे वरच्या फोल्डरला मारलेली एक लिंक, म्हणजे आत जितके फोल्डर तितक्या वरच्या फोल्डरच्या लिंक्स वाढत जातात. आमचा सर्व्हर होता ईएक्सटी३ या लिनक्सच्या जुन्या फाइल सिस्टीमवर आणि त्यात एका गोष्टीला जास्तीत जास्त ३२,००० लिंक्स असू शकतात. त्यातल्या दोन फोल्डरच्या स्वतःच्या, एक त्याच्या नावाची आणि एक आतल्या "एका टिंबाची", म्हणजे उरले ३१,९९८ सबफोल्डर. त्यातूनही दोन-तीन मायएसक्यूएलच्या स्वतःच्या सिस्टीम डेटाबेसनी आधीच खाल्लेले. बाकीचे आमच्या अकाउंटांनी भरून टाकले आणि पुढच्या माणसाला दार बंद.

तिच्या पुढच्या आवृत्तीत, ईएक्सटी४ मध्ये, हा आकडा ६५,००० च्या आसपास नेला आणि त्यात डिर-एनलिंक नावाचं एक फीचर आहे, त्याने काय होतं तर मर्यादा ओलांडली की फाइल सिस्टीम लिंक्स मोजणंच सोडून देते, काउंट १ करून ठेवते आणि गप्प बसते. म्हणजे आज नवीन मशीनवर हा नेमका एरर तुम्हाला बहुतेक दिसणार नाही. पण मला त्या दिवशी जी गोष्ट पहिल्यांदा कळली ती आजही तितकीच खरी आहे. डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली मर्यादा आणि तुमची खरी मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

मॅन्युअल उघडून बघा. मायएसक्यूएल म्हणतं टेबलांच्या संख्येवर आमची काही मर्यादा नाही, फाइल सिस्टीमची असू शकते, आणि इनोडीबी इंजिन, म्हणजे त्याच्या आतला डेटा साठवणारा भाग, ४ अब्ज टेबलांपर्यंत परवानगी देतं. पोस्टग्रेस, दुसरं एक डेटाबेस सॉफ्टवेअर, म्हणतं एका डेटाबेसात १,४३,१६,५०,३०३ रिलेशन्स (टेबलं आणि तत्सम गोष्टी) चालतील, म्हणजे १४३ कोटी. आकडे वाचून माणूस निवांत होतो. मी पण झालो होतो. पण ते "फाइल सिस्टीमची असू शकते" हे अर्ध वाक्य आहे ना, सगळी गोम तिथे आहे.

कारण टेबल ही आपल्या डोक्यातली गोष्ट आहे, डिस्कला टेबल कळत नाही, डिस्कवर असतात फाइल्स. एका टेबलामागे किती फाइल्स हे प्रत्येक डेटाबेसात वेगळं. जुन्या मायआयसॅम इंजिनात एका टेबलाच्या तीन फाइल्स असायच्या, एक व्याख्येची, एक डेटाची, एक इंडेक्सची, म्हणजे पटकन शोधायच्या सूचीची. इनोडीबीत प्रत्येक टेबलाची एक आयबीडी फाइल, आणि मायएसक्यूएल ८ च्या आधी त्याच्या जोडीला व्याख्येची एक एफआरएम फाइल. ८ मध्ये ती व्याख्या आतल्या डेटा डिक्शनरीत गेली आणि एफआरएम फाइल्स बंद झाल्या.

पोस्टग्रेसमध्ये जरा जवळून बघू कारण तिथे लोक फसतात. समजा तुम्ही एक साधं टेबल केलं, एक आयडी प्रायमरी की (प्रत्येक नोंद ओळखायचा कॉलम) आणि एक टेक्स्ट कॉलम, बस. एकही रो, म्हणजे डेटाची ओळ, टाकली नाही. आता डेटा फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं तर चार फाइल्स तयार झालेल्या असतात, नावं नुसते आकडे. एक टेबलाची, शून्य बाइट. एक प्रायमरी कीच्या इंडेक्सची, ८ केबी. मग टेक्स्ट कॉलम आहे म्हणून मोठी व्हॅल्यू ठेवायला एक टोस्ट टेबल, त्याची एक फाइल, आणि त्या टोस्टच्या इंडेक्सची अजून एक. डेटा भरून व्हॅक्यूम नावाची साफसफाई चालली की रिकामी जागा कुठे आहे त्याची एक आणि कुठली पानं सगळ्यांना दिसतात त्याची एक अशा जोडफाइल्स येतात. प्रत्येक नवीन इंडेक्सची नवीन फाइल. टेबल १ जीबीच्या वर गेलं की पुढच्या तुकड्याची नवीन फाइल. म्हणजे "दहा हजार टेबलं आहेत" असं कोणी म्हणालं की तुम्ही मनात साठ-सत्तर हजार फाइल्स धरायच्या.

उलट टोकाला एसक्यूलाइट, अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये. तिथे ही भानगड नाही, पण कनेक्शन उघडल्यावर सगळा स्कीमा, म्हणजे टेबलांचा आराखडा, वाचून पार्स करावा लागतो, त्यामुळे टेबलं हजारोंनी असली तर पहिल्याच क्वेरीला तो वेळ मोजावा लागतो. फुकट काहीच नाही.

मग इनोडीबीने प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल का केली असं कोणीतरी विचारणारच. आधी सगळं एका मोठ्या सामाइक फाइलमध्ये जायचं आणि ती फाइल फक्त वाढायची, टेबल ड्रॉप केलं तरी डिस्कची जागा परत मिळायची नाही. वेगळी फाइल असली की ड्रॉप केल्यावर फाइल उडते, जागा मोकळी. सौदा चांगला आहे, फक्त टेबलं शेकड्यांत किंवा हजारांत असतील असं धरून केलेला आहे.

आता आयनोड. फाइल सिस्टीम प्रत्येक फाइलसाठी एक छोटी नोंद ठेवते, मालक कोण, साइज किती, डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये वगैरे, त्या नोंदीला आयनोड म्हणतात. ईएक्सटी४ मध्ये या नोंदी किती ठेवायच्या हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. वहीची पहिली काही पानं अनुक्रमणिकेला राखून ठेवावी तसं, ती पानं भरली की मागे वही कितीही कोरी असो, नवीन धडा नोंदवता येत नाही. नेहमीचं प्रमाण दर १६ केबीमागे एक आयनोड, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कवर साधारण ६५ लाख. हे पुष्कळ आहे, डेटाबेसवाल्याला सहसा पुरतं.

सहसा म्हणतोय कारण एक गंमतशीर खड्डा आहे. फॉरमॅट करताना "लार्जफाइल" नावाचा एक प्रकार निवडता येतो, त्यात दर १ एमबीमागे एकच आयनोड ठेवतात. कोणीतरी विचार करतो की डेटाबेस म्हणजे मोठ्या मोठ्या फाइल्स, मग कशाला आयनोडवर जागा वाया घालवा, आणि हा पर्याय टाकतो. तर्क बरोबर वाटतो! पण मग त्याच १०० जीबीवर आयनोड होतात जेमतेम १ लाख २ हजार, आणि वरचा पोस्टग्रेसचा हिशोब लावला तर पंधरा-सतरा हजार टेबलांत खेळ खलास. एरर येतो "डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही", तुम्ही डिस्कची जागा दाखवणारी डीएफ -एच कमांड मारता, ७० टक्के रिकामी दिसते, डोकं फिरतं. तिथे डीएफ -आय मारायचं, तो आयनोड मोजून दाखवतो. हे एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी कधीतरी रात्रीची झोप वाचेल. चालू ईएक्सटी४ वर हे प्रमाण नंतर बदलता येत नाही, डिस्क वाढवली तर नव्या भागाबरोबर थोडे आयनोड मिळतात तेवढंच. एक्सएफएस नावाची दुसरी फाइल सिस्टीम आयनोड लागतील तसे तयार करते, म्हणून टेबलं खूप होणार हे आधीच माहीत असेल तर मी डोळे झाकून एक्सएफएस घेतो.

बाकी जागेचा हिशोब पण लहान नाही. मायएसक्यूएल ८ मध्ये एक रिकामं टेबल, एकही रो नाही, तरी आयबीडी फाइल ११२ केबीची. १ लाख रिकामी टेबलं म्हणजे ११ जीबीच्या वर, आत काहीही नाही.

परत आमच्या गोष्टीकडे. टू मेनी लिंक्स आल्यावर आम्ही काय शहाणपणा केला तर म्हटलं डेटाबेस वेगळे नकोत, एकाच डेटाबेसात सगळ्यांची टेबलं ठेवू, प्रत्येक टेबलाच्या नावापुढे अकाउंट नंबर लावू. फोल्डरची मर्यादा गेली ना! वर्डप्रेस मल्टिसाइट असंच करतं म्हणून आम्हाला आधार पण मिळाला, तिथे प्रत्येक नव्या साइटमागे दहा टेबलं होतात. आमची अकाउंटमागे आठ. बत्तीस हजार गुणिले आठ, अडीच लाख टेबलं, आणि तेव्हाच्या मायएसक्यूएलमध्ये प्रत्येकाच्या दोन फाइल्स, म्हणजे एका फोल्डरमध्ये पाच लाख फाइल्स.

इथे लोकांचा एक गैरसमज असतो की एका फोल्डरमध्ये इतक्या फाइल्स म्हणजे एखादी फाइल शोधायला खूप वेळ लागत असेल. ईएक्सटी२ मध्ये तसं होतं, ती यादी वरून खाली वाचत जायची. ईएक्सटी३ पासून फोल्डरला हॅशवर चालणारा ट्री इंडेक्स लावता येतो आणि नाव माहीत असेल तर फाइल पटकन सापडते. एलएस, म्हणजे फाइल्सची यादी दाखवायची कमांड, मारला की मात्र टर्मिनल गोठतं, कारण तो आधी सगळी नावं गोळा करतो मग क्रमाने लावतो. एलएस -एफ मारला, छोट्या लिपीतला एफ, तर न लावता तशीच ओकतो. पण डेटाबेस एलएस मारत नाही, त्याचा त्रास वेगळाच असतो.

पहिला त्रास उघड्या फाइल्सचा. प्रोसेसने फाइल उघडली की तिला एक हँडल मिळतं, फाइल डिस्क्रिप्टर, आणि एका प्रोसेसला किती हँडल्स ठेवता येतील याला मर्यादा असते. लिनक्सवर नेहमीची सुरुवातीची मर्यादा १,०२४. अडीच लाख टेबलांपुढे हे काहीच नाही. अर्थात सगळी टेबलं एका वेळी कोणी वापरत नाही म्हणून डेटाबेस एक कॅश ठेवतो, नुकती वापरलेली टेबलं उघडी आणि जुनी बंद. मायएसक्यूएल ८ मध्ये टेबल ओपन कॅशचा डीफॉल्ट ४,००० आहे. आता अडीच लाख टेबलांवर दिवसभर कुठून कुठूनही ट्रॅफिक येत असेल तर कॅशमध्ये हवं ते टेबल जवळपास कधीच सापडत नाही, प्रत्येक क्वेरी आधी कोणाचं तरी टेबल बंद करते, मग आपलं उघडते, मग काम करते. कुठलाही एरर येत नाही हो, हाच तर वांधा, सगळं नुसतं मंद होतं आणि आपण क्वेरीला इंडेक्स लावत बसतो. "ओपन्ड टेबल्स" नावाचा एक स्टेटस काउंटर आहे, तो मिनिटामिनिटाला हजारांनी पळताना दिसला की समजायचं.

आणि मर्यादा खरंच संपली तर एरर २४, टू मेनी ओपन फाइल्स. मग आपण सिस्टीमच्या लिमिट्स फाइलमध्ये आकडा वाढवतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, आणि काहीही बदलत नाही! कारण सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस मॅनेजरने, चालवलेल्या सर्व्हिसेस ती फाइल बघतच नाहीत, त्यांना सर्व्हिसच्या युनिटमध्येच लिमिट-नोफाइल वाढवून द्यावं लागतं. यात मी स्वतः दोनदा अडकलोय, एकदा समजल्यावर पुन्हा विसरून.

पोस्टग्रेस इथे थोडं समजूतदार आहे, प्रत्येक प्रोसेस डीफॉल्ट १,००० फाइल्सच उघड्या ठेवते आणि गरज पडली की आतल्या आत एक बंद करून दुसरी उघडते, वरच्या कोडला पत्ता लागत नाही. पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, तीनशे कनेक्शनं झाली तर तीन लाख हँडल्सपर्यंत जाऊ शकतं. शिवाय प्रत्येक प्रोसेस आपण हात लावलेल्या टेबलांची माहिती स्वतःच्या मेमरीत जपून ठेवते आणि ती आपणहून कमी करत नाही, त्यामुळे दिवसेंदिवस उघडी राहणारी कनेक्शनं फुगत जातात.

दुसरा त्रास, आणि माझ्या मते खरा जीवघेणा हाच, तो म्हणजे "सगळ्या टेबलांवरून एकदा फिरून या" अशी कामं. रोजच्या क्वेरी एक-दोन टेबलांशी खेळतात, त्या चालून जातात. पण बॅकअप, अपग्रेड, क्रॅशनंतरची रिकव्हरी, यांना प्रत्येक फाइलचं दार वाजवावं लागतं. आमचा सर्व्हर एकदा वीज जाऊन बसला. त्या जुन्या मायएसक्यूएलमध्ये क्रॅशनंतर इनोडीबी एकूण एक आयबीडी फाइल उघडून तिचं पहिलं पान वाचायचं. फिरती डिस्क, इकडून तिकडे उडी मारून वाचायचं म्हटलं तर सेकंदाला शंभर एक वेळा. अडीच लाख भागिले शंभर, अडीच हजार सेकंद, चाळीस मिनिटं. डेटा सगळा मिळून एखाद्या मोठ्या टेबलाएवढा पण नव्हता, तरी चाळीस मिनिटं आम्ही नुसते स्क्रीनकडे बघत उभे. नंतर ५.७ मध्ये हे सुधारलं, फक्त बदललेल्या फाइल्सकडे बघायला लागलं, आणि ८.०.२१ मध्ये सुरू होतानाची फाइल्सच्या जागांची तपासणी बंद करायची सोय पण आली. पोस्टग्रेसमध्येही क्रॅशनंतर डेटा फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्सवर एफसिंक मारत, म्हणजे डेटा नक्की डिस्कवर उतरवत, फिरतात, आवृत्ती १४ पासून लिनक्सवर त्याऐवजी अख्ख्या फाइल सिस्टीमला एकदाच सिंक करायला सांगता येतं. अशी सेटिंग्ज मुळात आली म्हणजे यात पोळलेले आपण एकटे नव्हतो.

बॅकअपचा एक नमुना सांगतो. पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा पीजी-डंप सुरू झाल्यावर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये प्रत्येक टेबलावर एक हलकं लॉक घेतो. लॉक ठेवायची जागा शेअर्ड मेमरीत आधीच ठरलेली असते, डीफॉल्ट ६४ गुणिले १०० कनेक्शनं, म्हणजे ६,४०० च्या आसपास. टेबलं वीस हजार असतील तर डंप मध्येच मरतो आणि म्हणतो शेअर्ड मेमरी संपली. लोक रॅम वाढवतात. रॅमचा काही दोष नाही, मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन वाढवायचं असतं. हा फाइल सिस्टीमचा प्रश्न नाही म्हणा, पण टेबलं वाढली की येतो म्हणून सांगितला. फाइल्स थेट कॉपी करणाऱ्या बॅकअप टूलचं वेगळं, मायएसक्यूएलसाठीचं एक्स्ट्राबॅकअप आयबीडी फाइल्स उघड्या धरून ठेवतं, म्हणजे डेटाबेसची लिमिट वाढवली तरी बॅकअपची वेगळी वाढवायला विसरायचं नाही.

जाता जाता नावांचं एक. आपल्यापैकी काहींना देवनागरीत टेबलाचं नाव द्यायची हौस असते, मायएसक्यूएल देऊ पण देतं, ६४ अक्षरांपर्यंत. पण डिस्कवर फाइलचं नाव लिहिताना ते प्रत्येक देवनागरी अक्षराचा ऍट चिन्ह अधिक चार खुणांचा कोड करतं, म्हणजे एकाचे पाच, आणि काना, मात्रा, हलन्त हे पण सुटे मोजायचे. "ग्राहक" लिहिलंत की ग, हलन्त, र, काना, ह, क असे सहा, म्हणजे तीस. फाइलचं नाव बहुतेक लिनक्स फाइल सिस्टीमवर २५५ बाइटांच्या पुढे जात नाही. पन्नासेक अक्षरांत भिंत लागते, चौसष्टापर्यंत पोचताच येत नाही.

मग करायचं काय. टेबलं प्रत्येक ग्राहकाला वेगळी असतील आणि सगळ्यांचा साचा एकच असेल तर बहुतेक वेळा ती वेगळी असायची गरजच नसते. एक टेबल, त्यात ग्राहक क्रमांकाचा एक कॉलम, इंडेक्समध्ये तो पहिला. डेटाबेस कोट्यवधी रो सांभाळायलाच बनलेला आहे, लाखो टेबलं सांभाळायला नाही. पार्टिशन करून, म्हणजे एक टेबल तुकड्यांत वाटून, सुटका होईल असं वाटत असेल तर नाही, प्रत्येक पार्टिशनची पण वेगळी फाइल होते, परत तिथेच. कायद्याने किंवा कराराने डेटा वेगळा ठेवावाच लागत असेल तर थोडे थोडे ग्राहक वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटून टाका, म्हणजे एका फाइल सिस्टीमवर सगळं ओझं येत नाही. मायएसक्यूएल ५.७ पासून जनरल टेबलस्पेस आहे, त्यात अनेक टेबलं एका फाइलमध्ये कोंबता येतात, फाइल्सचा प्रश्न सुटतो पण ड्रॉप केल्यावर जागा डिस्कला परत मिळत नाही हे जुनं रडगाणं परत चालू.

आम्ही शेवटी आठ टेबलांवर आलो, अडीच लाखांवरून आठ. सहा महिने लागले, कारण कोडमध्ये जिथे तिथे टेबलाचं नाव जोडून क्वेरी बनवलेली होती. त्या सहा महिन्यांत मायएसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट उघडायचा म्हणजे डोकेदुखी, कारण तो टॅब दाबून नावं पुरी करता यावीत म्हणून डेटाबेसातली सगळी टेबलं आणि कॉलम आधी वाचत बसतो, अडीच लाख टेबलांवर तुम्ही खुशाल एक फेरी मारून या. मायनस ए लावला, मोठ्या लिपीतला, की तो हे वाचन टाळतो. आता सगळीकडे टेबलं पन्नास-साठ असतात, तरी माझी बोटं अजून आपोआप मायनस ए टाइप करतात, आणि मग टॅब दाबला की काही येत का नाही म्हणून मीच वैतागतो.